दुधाळ सीरम

आमच्या प्रयोगशाळेत पेशींना रक्त पाजायचं काम माझ्याकडे आहे. ऐकायला भयंकर वाटतं, पण प्रकार साधा. बाळंतपणानंतर टाकून देतात त्या नाळेतल्या धमनीच्या पेशी आम्ही बशीत वाढवतो आणि त्यांच्यावर माणसाच्या रक्तातला वरचा नितळ भाग, म्हणजे सीरम, घालून बघतो. धमनी सैल राहावी म्हणून तिच्या अस्तरातलं एक एन्झाइम सतत राबत असतं. रक्तात चरबी वाढली की ते आळसावतं. किती आळसावतं, ते मोजायचं.

सीरमसाठी रक्त आमचं आणि घरच्यांचंच. रात्रभर उपाशी राहून सकाळी यायचं. कोणाचं चरबीनं दुधाळ निघालं की आम्ही खुशाल धरून चालतो, यानं रात्री चोरून हादडलंय. ती नळी बाद.

एकदा कोणी मिळेना म्हणून यांना नेलं. हे काटकुळे, रोज पर्वती चढणारे. नळी यंत्रात फिरवून बघते तर सीरम ताकासारखं पांढरं.

"काय हो, श्रीखंडाचा डबा उघडलात ना?"

"पाण्याशिवाय काही घेतलं नाही," हे म्हणाले. मी मेलीनं विश्वास ठेवला नाही.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळपासून पहारा ठेवला, फ्रीजला हात लावू दिला नाही. सकाळी सीरम पुन्हा तसंच. म्हणजे ही चरबी रात्रीच्या खाण्यातली नव्हती, यांच्या रक्तातच कायमची होती. सासरे ऐन उमेदीत हृदयविकारानं गेले, आणि हे डॉक्टरची पायरी चढतील तर शपथ.

ते सीरम पेशींवर घातलं. एन्झाइमचं काम चांगलंच मंदावलं. एका बशीवरून माणसाचं निदान होत नाही हे मला पक्कं ठाऊक, तरी आकडा पुन्हा पुन्हा तपासला.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "त्या पेशींनी तुझं काय घोडं मारलंय, की त्यांना असलं पाजतेस?"

"चेष्टा पुरे. अहो, मला भीती वाटतेय. बाबांसारखं होईल याची."

त्यांच्या बाबांचा विषय आमच्याकडे कोणी काढत नाही. यांनी पेपराची घडी घातली.

"बाबांना हे सांगणारं कोणी नव्हतं," म्हणाले. मग उठून चपला घातल्या. "चल. दवाखाना आठपर्यंत उघडा असतो."