वासुदेव सरांचं टेंगूळ

सर गेले. आज सकाळी, अकोल्यात.

आणि मला रडता रडता त्यांचं टेंगूळ आठवून हसू येतंय. माफ करा, पण आमचे वासुदेव सर होतेच तसे. सकाळी फुलबाजारात हार विकायचे, दुपारी आम्हा पोरींना क्रिकेट शिकवायचे.

मी अंडर-सिक्स्टीनची ओपनर. स्कार्फ बांधून खेळायचे.

मागच्या गाठीमुळे हेल्मेट नीट बसायचंच नाही. आणि रूल असा, की घट्ट हेल्मेट नाही तर बॅटिंग नाही.

अब्बांचं एकच म्हणणं, "स्कार्फ उतारने को बोले, तो किट उठाके सीधे घर."

सरांनी काय करावं? हाराची कात्री घेतली आणि गाठीपुरता हेल्मेटचा आतला फोम कापला. झेंडूचे देठ छाटावेत तसा!

मग तेच स्वतःच्या डोक्यावर चढवून म्हणाले, "शबाना, टाक बॉल. लाजू नोको."

टाकला.

लिंबाएवढं टेंगूळ!

मी रडायला लागले, तर म्हणतात, "कावून रडून राहिली? तुह्या डोक्यावर येनार होतं, माह्यावर आलं. बेस झालं!"

ते हेल्मेट भंगारात गेलं. मामींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला पातळ सुती स्कार्फ शिवून दिला. टोपीसारखा चपटा, ना गाठ, ना पिन. त्यावर एक साइज मोठं, नवंकोरं हेल्मेट.

अमरावतीला फायनल. अंपायर म्हणाले, "स्कार्फ काढावा लागेल."

अब्बा किट उचलायला निघालेच.

सर मधे आले. "साहेब, रूल हेल्मेटचा हाय ना? मंग हलवून पाहा. हललं तं मीच तिले घरी घेऊन जातो."

अंपायरनी जाळी धरून हलवलं. जागचं हललं नाही.

"खेळ बेटा," ते म्हणाले.

तिसराच बॉल फटकन हेल्मेटवर! डॉक्टर धावत आले, तपासलं. मी ठणठणीत.

पुढचा बॉल, चौका.

मॅचचा शेवटचा शॉटही माझाच, तोही चौका! जिंकलो!!

सरांशी कधी धड न बोललेल्या अब्बांनी त्यांना चक्क उचललं. आणि सर वरूनच ओरडताहेत, "शबाना, हेल्मेटचा पट्टा नोको सोडू अजून!"

आज त्याच अब्बांनी सरांना खांदा दिला.

सर, उद्या मी शिकवते त्या पोरींची नेट प्रॅक्टिस आहे. सुट्टी देणार नाही. एकेकीचं हेल्मेट हलवून बघणार, मगच बॅट हातात.

या आता, सर. पट्टा लावलाय.