हाराखालची ओळ

त्या दिवशी धर्मशाळेत कोण कोण होतं ते आधी सांगते. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची. त्यांचा पुतण्या, पलटणीतला जमादार, म्हणजे माझा चुलत दीर. शेजारची मावशी, तिच्या दोन सुना. पलटणीतली चार-सहा बिऱ्हाडं, त्यांची पोरंटोरं. आणि मी. बडोद्यात आम्ही पगडीवाले शीख एवढेच. नावं घेत नाही. आमच्यात बायका मोठ्यांची नावं घेत नाहीत, आणि मग धाकट्यांचीच कशाला घ्या?

मी सांगते आणि नात लिहिते. मला बाळबोध येत नाही.

आमचे आजे-पणजे पंजाबातून गायकवाडांच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाजारात गुजराती. पंजाबी फक्त मामंजींच्या तोंडात, तीही अर्धी. फतेगंजच्या बाजूला पलटणीच्या लाइनीत एक खोली होती, ती आमची धर्मशाळा. तिथे पलंगावर ग्रंथसाहेब. हातानं लिहिलेला, जुना, एका माणसाला उचलेना इतका जड. ग्रंथ म्हणजे आमचे गुरू, एवढं ठाऊक होतं. पण गुरूचं करायचं काय ते ठाऊक नव्हतं, म्हणून देवाचं करतात तेच करायचो. कुंकू लावायचो, नारळ फोडायचो, हार घालायचो. मामंजी वाचायचे, आम्ही हात जोडून बसायचो. मग शिरा वाटायचा. शिऱ्यासाठी पोरं यायची, आणि खरं सांगते, मोठेही त्यासाठीच यायचे.

माझा नवरा गाठीच्या तापात, प्लेगात गेला. गावाबाहेर झोपड्या घातल्या होत्या, तिथेच गेला. घरी आले ती पदरात एक मुलगी आणि डोक्यावर मामंजी. लोकांची दळणं दळायची. भाकरी व्हायची एखाद्या वेळची, एखाद्या वेळी नाही. त्याचं काही नाही. ते सगळ्यांचंच होतं.

त्या दिवशी मामंजी वाचत होते. मावशीनं मोगऱ्याचा जाड हार ग्रंथावर घातला होता, तो घसरला आणि उघड्या पानावर पडला. अर्धं पान झाकलं. मामंजी वाचतच राहिले. हार काढला नाही, मान हलवली नाही, पान उलटायची वेळ झाली तसं उलटलं. मी चवरी ढाळत होते. माझा हात थांबला.

जमादारानंही पाहिलं. तो उठला आणि मामंजींच्या तोंडापुढे बोटं नाचवली.

"काका, किती बोटं?"

मामंजींनी वाचणं थांबवलं.

"कधीपासून दिसत नाही?"

"बरीच वर्षं झाली," मामंजी म्हणाले. "पाठ होतं तेवढं म्हणत होतो. तुमच्यापैकी कुणी एकदा तरी विचारलंत का, काय वाचता म्हणून?"

मावशी फटकन बोलली, "अरे बापा! म्हणजे आम्ही इतके दिवस आंधळ्याच्या तोंडचं ऐकत होतो!"

"आणि तू डोळस असून काय दिवे लावलेस?" मामंजी म्हणाले.

कुणी हसलं नाही. जमादार खाली बसला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "वाचणारा नाही तिथे ग्रंथ ठेवायचा नाही. हा अपमान आहे. दिवाळीनंतर मला रजा आहे. नांदेडला नेऊन पोचवतो. तिथे वाचणारे आहेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं होतं ते.

मामंजी एवढंच म्हणाले, "मग गाडीत मलाही घाल. वाटेत मेलो तर तिथेच सोड."

त्यांनी जेवण टाकलं. रागानं नाही, घास उतरेचना. मी भाकरी कुस्करून पुढे ठेवायची, ते हात फिरवून परत करायचे. नवरा गेला तेव्हा मी रडले नव्हते. पण हे ताट परत आलं की चुलीपुढे बसून रडायची. या माणसाला आता एवढंच होतं, आणि ते चाललं होतं.

एका दुपारी मी परातीत बाजरीचं पीठ पसरलं आणि त्यांचं बोट धरून त्यात ठेवलं.

"मामंजी, अक्षर काढा."

"कशाला?"

"मी शिकते."

"सूनबाई, तुला रुपया ओळखता येत नाही."

"रुपया घरात आला तर ओळखीन."

ते हसले. मग काढलं. त्यांच्या बोटांना गुरुमुखीची, म्हणजे ग्रंथाच्या लिपीची, सगळी अक्षरं आठवत होती. अक्षर गिरवायचं, पीठ सारखं करायचं, पुढचं काढायचं. संध्याकाळी त्याच पिठाची भाकरी. त्या दिवसापासून ते जेवायला लागले. मावशी दारातून ओरडायची, "महाराजांनी पोरींना शाळा सक्तीची केली, म्हातारीलाही केली की काय?" मी म्हातारी नव्हते तेव्हा. विधवा होते, म्हणजे तेच.

अक्षरं आली आणि मी ग्रंथ उघडला. शब्द नव्हतेच! कुठे जागा सोडलेली नाही, सगळी अक्षरं एकाला एक लागून, ओवलेल्या मण्यांसारखी. एक संपतो कुठे, दुसरा सुरू होतो कुठे, काही कळेना. मामंजी म्हणाले, जुने ग्रंथ असेच. पाठ होतं ते ते म्हणायचे, मी बोट ठेवून जायची, आणि शब्द तुटायचा. पण पाठ किती? सुरुवातीची थोडी पानं. पुढे सगळं रान. दिवाळी आली, गेली. मामंजींचा खोकला वाढला.

स्टेशनवर न्यायची बैलगाडी दाराशी लागली तेव्हा मी ग्रंथापुढे जाऊन बसले. जमादार म्हणाला, "वहिनी, उठा."

"वाचते मी."

"काकांनी पढवलेलं म्हणाल."

"मग तुम्ही उघडा. कुठेही."

त्यानं हात जोडले आणि मधोमध उघडला. ते पान मी पाहिलेलं नव्हतं. एकेक अक्षर म्हणत गेले. मामंजी पलंगाला टेकून ऐकत होते. मध्येच म्हणायचे, "तोड, इथे तोड." कधी म्हणायचे, "नाही, मागे जा, पुढच्याला जोड." एका ओळीला किती वेळ लागला देव जाणे. बैल दाराशी घंटा वाजवत होते.

जमादार वैतागला. "याला वाचणं म्हणतात? काका, काही कळलं का तुम्हाला?"

मामंजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाले, "अर्धं कळलं. पण हे मी ऐकलेलंच नाही. डोळे होते तेव्हाही मी तीच पानं वाचायचो, येतात ती. चुकेन, तुम्ही हसाल म्हणून पुढे गेलोच नाही. हे आज पहिल्यांदा ऐकतोय."

जमादारानं ग्रंथावरचा हार उचलून बाजूला ठेवला. बाहेर गेला आणि गाडीवाल्याशी काहीतरी बोलला. आत येऊन पगडी सारखी केली आणि म्हणाला, "पुढची ओळ?"

दुसऱ्या दिवशी मावशी आली, काखेत स्वतःची परात. "माझं पीठ ज्वारीचं आहे, चालेल ना?" मग सुना आल्या, पोरी आल्या. पुढे जमादारही आला. त्याला मोडी यायची, तीही अशीच लागून लिहितात, त्यामुळे तो सगळ्यांच्या पुढे गेला आणि जरा मिरवायलाही लागला. नारळ फोडणं आपोआप थांबलं.

होळीला मामंजी गेले. आम्ही त्यांच्याजवळ बसून वाचलं, त्यांना येत होतं तेच.

त्याला फार दिवस झाले. लाइनीतली बिऱ्हाडं पांगली. मावशी नाही, जमादार नाही. शब्द तोडता येतात, पण अर्थ अजून अर्धाच, आणि पुढच्या पानांच्या रानात तर तेवढाही नाही. सांगणारं कुणी आलंच नाही. आता माझ्याही डोळ्यांवर पडदा आलाय. परवा मी पाठ होतं तेच म्हणत होते, आणि पान कुठलं उघडलं आहे ते मला ठाऊक नव्हतं. नातीनं हळूच सांगितलं.

म्हणून हे लिहवून घेतलं. वाचणाऱ्यांत ज्याला गुरुमुखी कळते, अर्थासकट कळते, त्यानं बडोद्याला यावं. धर्मशाळा अजून तिथेच आहे. द्यायला शिऱ्याशिवाय काही नाही. एक पान समजावून द्या, पुढचं आमच्या पोरी बघतील. उजेड असताना या.