शेवंतानं धरलेला खांब

“सोड आता शेवंता, खांब बसला,” मी म्हटलं. तिनं सोडला नाही. पुन्हा म्हटलं, जरा रागानंच. ती खाली बसलेली, खांबाला दोन्ही हातांचा विळखा, कपाळ लाकडाला टेकलेलं. मला वाटलं, नखरे करते. खांद्याला धरून हलवलं तेव्हा मान एका बाजूला पडली. हात मात्र सुटले नाहीत... बोटं एकमेकांत अडकलेली होती, ती मला एकेक करून सोडवावी लागली.

शेवंता माझी धाकटी जाऊ. दिघोरीत आमची घरं लागून आहेत. वाटण्या झाल्या तेव्हा आमच्या नवऱ्यांनी दोन अंगणांच्या मधे कुपाटी घातली. ऐनाचे खांब, बांबूच्या कामट्या, वरून काटे. घालणारे दोघंही गेले आणि कुपाटी सांभाळायला आम्ही उरलो. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे, मला ते जमत नाही. शेवंता तोंडानं फटकळ होती, कोंबड्या मोकाट सोडायची. एकदा माझ्या भोपळ्याचा वेल पलीकडं उतरला, तर तिनं भोपळा तोडून भाजी केली. विचारलं तर म्हणते, “वेल तुमचा, बाई. भोपळा माह्या घरी पाहुणा आला.” वर त्यातलीच वाटीभर भाजी कुपाटीवरून माझ्या हातात दिली. मीठ कमी होतं, तेही मी सांगितलं.

पण खांब धरावा तर तिनंच. एखादा कुजला की आम्हीच बदलायचो. ती धरायची, मी सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, भोवतीची माती ठोकायची. ठोकणं संपेपर्यंत धरणारीनं हात सोडायचा नाही, नाहीतर खांब कलतो आणि सारा खड्डा पुन्हा उकरावा लागतो. अलीकडं तिचे गुडघे दुखत, म्हणून ती खांब दोन पायांमधे घेऊन बसायची.

यंदा धानाची चुरणी-मळणी आटोपली आणि मधल्या खांबाचं बूड बोटानं टोचलं तरी भुसा निघायला लागला. तिचा मुलगा प्रकाश म्हणाला, सिमेंटचा आणतो. “सिमेंटाले टेकून बसू का मी? पाठ गारठते,” तिनं त्याला उडवून लावलं. त्या दिवशी सकाळी, वाळवी लागू नये म्हणून, नव्या खांबाचं बूड तिनं चुलीच्या जाळात काळं करून आणलं. हातही काळे.

“कायले येवढा जाळतं वं? आपण जिवंत आहो तोवर टिकला तरी पुरे,” मी म्हटलं.

“कच्चा गाडला तं उधई खाईन. तुमचं काय बाई, तुमाले तं उधई बी नाई लागत!”

दोघी हसलो. मी गोटे टाकले, माती लोटली, ठोकायला लागले. मधे ती काही बोलली का, मला माहीत नाही. सब्बलीच्या आवाजात ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. नेमकं केव्हा, ते कोण सांगणार... खांब तसूभर हलला नाही, म्हणून मला कळलं नाही. हलला असता तर मी तिच्याकडं पाहिलं असतं. मेलेल्या बाईभोवती मी किती वेळ माती ठोकत होते, हे मला या जन्मात कळणार नाही.

तिच्या मागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि प्रकाश सब्बल घेऊन आला. “मोठीमाय, हा खांब काढून टाकतो. लोकं काहीबाही बोलून राहिले.”

“आधी हालवून पाह्य.”

त्यानं खांदा लावला, जोर केला. खांब जागचा हलला नाही.

“तुह्या मायनं धरला हाय तो. येवढा सरळ खांब कोणी काढते का, बाप्पा?”

तो सब्बल घेऊन परत गेला.

खांबावर तिच्या काळ्या हातांचे डाग आहेत. मी ते पुसत नाही, त्याला टेकतही नाही. गावात कुठं कुणी काही कांडायला लागलं की हातातलं काम थांबतं. दोन ठोक्यांच्या मधे मी कान देते... “बाई” अशी हाक येते का म्हणून. येत नाही. पुढचा ठोका पडतो.

त्या सकाळी खांबापाशी आम्ही दोघीच होतो. शेवंता गेली. मी जिवंत आहे.