ऑपरेटरच्या खिडकीतला अंधार

तिसऱ्या मजल्यावरचा ऑपरेटर जन्मभर अंधारात राबला. थिएटरच्या मागच्या कोंदट खोलीत सिनेमाचं मशीन चालवायचं; पुढे लोक हसणार, रडणार, आणि हा रिळं बदलणार. म्हणून घरी त्याला लख्ख उजेड लागे. बायको मात्र थंडी सुरू झाली की संध्याकाळी पुढच्या खोलीत दिवा लावू देत नसे. पडदा ओढायची आणि सुट्टीच्या दिवशी त्यालाही स्वयंपाकघरात पिटाळायची. “माहेरीही एवढीच चिकट होतीस का?” हा विचारायचा. तिने कारण सांगितलंही असेल. पण याचे कान मशीनच्या घरघरीने गेलेले आणि लक्ष पेपरात.

खालच्या मावशींना तर खात्रीच होती, की बाई दिव्याचे पैसे वाचवून दागिने करतेय. मावशींना खात्री नाही अशी गोष्ट त्या इमारतीत अजून घडायची आहे.

बायको गेली. दागिने काही निघाले नाहीत. उरलं ते खिडकीतलं जाड पानांचं कलांचोचं झाड, दर थंडीत लाल फुलांच्या झुपक्यांनी भरणारं. रिकामं घर खायला उठू नये म्हणून ऑपरेटर तिन्हीसांजेपासून सगळे दिवे लावून बसे. झाडाला खत घाली, पानं पुसे. पानं चांगली गुबगुबीत झाली. कळी मात्र नाही. एक थंडी तशीच गेली, दुसरी आली. तिची एवढीच खूण, तीही आपल्या हातून जाणार, या धास्तीने त्याची झोप उडाली.

“रुसलंय,” तो मावशींना म्हणाला.

“तुमच्याकडे राहायचं म्हणजे रुसणारच की,” मावशी म्हणाल्या.

शेवटी कुंडी कवेत घेऊन तो नर्सरीवालीकडे गेला. तिने माती चाचपली.

“झाड ठणठणीत आहे. संध्याकाळी खोलीत दिवा असतो?”

“सगळे असतात.”

“मग कसं फुलेल? याला लांबलचक रात्र लागते. दिवा लावलात की याला वाटतं, उन्हाळाच चालू आहे. घरी कोणी सांगितलं नाही?”

“सांगत असेल,” ऑपरेटर म्हणाला.

दिवे हवेच असतील तर रोज संध्याकाळी झाड खोक्याने झाका, असं तिने सुचवलं. त्याने झाकलं. पण झगझगीत उजेडात ते खोकं डोक्यावरून चादर ओढलेल्या माणसासारखं दिसू लागलं. त्याला बघवेना. खोकं काढलं, पडदा ओढला, दिवा मालवला आणि खुर्ची कुंडीजवळ सरकवली. स्वयंपाकघरात जाता आलं असतं; पण तिथे दोघांनी बसायची सवय. मग रोज संध्याकाळी तो इथेच बसू लागला.

खिडकी काळी दिसली तशा मावशी धापा टाकत वर आल्या. दार जेमतेम किलकिलं झालं.

“दिवा गेला का हो?”

“नाही, मावशी. आम्ही बसलोय.”

आम्ही! सकाळपर्यंत इमारतभर झालं, की ऑपरेटरने या वयात कोणीतरी आणलीय. जिन्यात लोक गालातल्या गालात हसू लागले. बदललेल्या नजरांनी त्याच्या पिशवीत डोकावू लागले. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

असाच एकदा बाजारातून आला आणि सवयीने पानांमध्ये बोट फिरवलं. मोहरीएवढं काहीतरी लागलं. शेजारी आणखी एक.

“अगं, आल्या बघ,” त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं.

उन्हं कलली होती, म्हणून पडदा ओढून घेतला.