जाड काठी

परवा माळ्यावरची गळकाठी खाली काढली. तिच्या रिळाला अजून शिवणयंत्राच्या तेलाचा वास येतो, आणि तो आला की मी काठी घट्ट धरते.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. कंटोनमेंटातल्या जुन्या सामानाच्या दुकानात ह्यांनी एक नाजूक, लवचीक काठी उचलली. ती परवडणारी नव्हती. मी कोपऱ्यातली जाड, स्वस्त बांबूची दाखवली. "अक्का सरी सांगतात, जाडच घ्या," दुकानदार कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला. ह्यांनी नाजूक काठी परत ठेवली आणि जाड घेतली. रीळही जुनंच घेतलं, त्याला माझ्या शिवणयंत्राचं तेल घातलं, आणि मरळ माशाला भुलवायला काहीतरी चकाकतं हवं म्हणून माझ्या स्वयंपाकघरातला पितळी चमचा कापून दोराला बांधला.

हेब्बाळच्या तळ्यात तो चमचा पहिल्याच फेकीला पाणवेलीत अडकला. "स्वल्प थांब, सोडवून आणतो," म्हणत हे काठी घेऊन, दोर गुंडाळत पुढे गेले. जमीन वाटली ती नुसती वेल होती. क्षणात छातीपर्यंत गेले, आणि जितके हलत तितके आणखी रुतत होते. आसपास कुणी नव्हतं. मला पोहता येत नव्हतं.

मग त्यांनी काठीचं टोक माझ्याकडे केलं. मी चिखलात बसून, पाय रोवून ओढत राहिले. काठी करकरत होती. प्रत्येक वेळी वाटे, आता मोडली. ती मोडली नाही.

पुढे जन्मभर ते पाहुण्यांना सांगत, "हा सोटा हिनं माझ्या गळ्यात मारला." दुसरी काठी मात्र त्यांनी कधी घेतली नाही.