फाइल फोटो

दर्यापूरचा सुगत वानखडे फोनवरच बातमीचे फोटो काढायचा. अपघात असो की मोर्चा, फोटो आधी अमरावतीच्या न्यूज पेजच्या ग्रुपवर जायचा, बाकी सगळं मागाहून.

त्या दुपारी अकोट रस्त्यावर काळीपिवळी जीप उलटली. सुगत पोचायच्या आतच पेजने एक बाई गेल्याची बातमी टाकूनही दिली. सोबत लावला त्यानेच कधीतरी पाठवलेला जुना फोटो. त्यात जीपच्या खिडकीतून हसत होती त्याची आई, चतुराबाई. कोपऱ्यातलं ‘फाइल फोटो’ कोणी वाचतं का?

घरून फोन आला तसा तो धावत सुटला. अंगणात फोटो पाहून जमलेल्या बाया ऊर बडवत होत्या आणि मधोमध आई उभी.

"मी जित्ती आहो ना रे? मंग हे मले काहून रडून राह्यले?"

सुगतने खिशातून फोन काढला. त्याने पेजवाल्याला फोन लावला.

"काढ तो फोटो! माही माय व्हय ते!"

"आता कुठं काढतं भाऊ, किती शेअर झाले पाह्य. त्यापेक्षा मायचा व्हिडिओ पाठव. जित्ती निघाली म्हणून लय चालन."

"लाज वाटू दे लेका!" सुगतने फोन कट केला.

आई एकाएकी पदर सारखा करू लागली. तेव्हा कुठे त्याला दिसलं, फोन त्याने तिच्यावर रोखला होता आणि रेकॉर्डिंग सुरू होतं.