होळीनंतरचे तिळाचे लाडू

माझा नवरा सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून घरी बसला आणि त्या दिवसापासून मी त्याच्यावर जळायला लागले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुण्याला आईशी फोनवर बोलताना मी म्हणायचे, "काळजी वाटते गं यांची." काळजी कसली डोंबलाची! हेवा वाटायचा, चांगला ठसठसणारा हेवा.

नव्वदचं दशक होतं. सरकारी कारखान्यांतून माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडत होती. त्याच्याबरोबर सुटलेल्यांपैकी कुणी झेरॉक्सचं दुकान टाकलं, कुणी एसटीडी बूथ, कुणी शेअर बाजारात डोकं घातलं. आमचा गृहस्थ काचीगुड्याच्या भाड्याच्या घरात, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, वेताच्या खुर्चीवर बसला आणि चहा प्यायला लागला. एक कप चहा त्याला पाऊण तास पुरायचा. बशीत थोडा ओतायचा, रस्त्याकडे बघायचा, मग घोट घ्यायचा. "अहो, गार झाला असेल तो," मी आतून ओरडायचे. "होऊ दे की," तो म्हणायचा. तोंडावर मी त्याला कायम 'अहो'च म्हटलं. इथे 'तो' लिहिते आहे, एवढा सूड मला चालेल.

मी त्या वेळी दिलसुखनगरला, संगणक शिकवणाऱ्या एका संस्थेत प्रवेशाच्या टेबलावर होते. अख्ख्या शहराला अमेरिकेची घाई झाली होती आणि ती घाई रोज सकाळी माझ्या टेबलासमोर रांग लावून उभी असायची. घरातून आठच्या ठोक्याला माझी मोपेड निघायची, संध्याकाळी सातला परत यायची. आल्या आल्या साडीचा पदर खोचून मी कणीक भिजवायला घ्यायचे. नोकरी मला मनापासून आवडायची, उगाच रडगाणं गाणार नाही. तीन भाषांत चार माणसांना एकाच वेळी उत्तरं द्यायचे मी, आणि त्याचा मला तोरा होता.

तो मात्र अंबाडीची एक जुडी निवडायला सकाळ लावायचा. पान खुडायचं, उलटं करून बघायचं, परातीत ठेवायचं. भाजी दोनदा आणायचा, सकाळची सकाळी, संध्याकाळची संध्याकाळी. मी म्हटलं, फ्रिज कशाला घेतलाय मग? तर म्हणाला, "पाण्याच्या बाटल्या ठेवायला." भाजीवाली, इस्त्रीवाला, खाली राहणाऱ्या आमच्या तेलुगू घरमालकीणबाई, सगळ्यांची घरची खुशाली त्याला ठाऊक असायची. पंधरा वर्षं त्या घरात राहून मला आंटींच्या गुडघेदुखीपलीकडे काही माहीत नव्हतं.

हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण आमची मुलगी त्याची झाली, ते गिळवेना.

ती तेरा वर्षांची होती, एकुलती एक. शाळा नारायणगुड्याला. पूर्वी ऑटोत सात पोरांच्या मांड्यांवर मांड्या टाकून जायची. यानं घरी बसल्यावर पहिली गोष्ट केली ती ऑटो बंद केला. "आम्ही दोघं पायी जाऊ," म्हणाला. अर्ध्या तासाचा रस्ता, याच्याबरोबर पाऊण तासाचा व्हायचा. त्या पाऊण तासात काय बोलायची दोघं, देव जाणे. घरी आल्यावर एकजण अर्धं वाक्य म्हणायचा आणि दुसरी खो खो हसायची. "काय झालं?" मी विचारायचे. "काही नाही आई, तुला नाही कळायचं." बरोबरच होतं ते. मी तिथे नव्हते, मला कुठून कळणार?

एका रविवारी मी ठरवलं, आपणही हळू व्हायचं. आपल्याला काय येत नाही? मी अंबाडीची जुडी पुढ्यात ओढली आणि मुलीला शेजारी बसवलं. तिच्याशी गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, गणिताचा पेपर कधी आहे? तिने सांगितलं. सायन्सचं झालं का? झालं. मैत्रीण कोण आहे हल्ली? तिने नाव सांगितलं. मग माझे प्रश्न संपले. पाच मिनिटांत माझी जुडी निवडून झाली. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं प्रवेशाच्या टेबलासमोरची मुलं 'झालं का मॅडम?' म्हणून बघायची. मी उठले, ती बापाकडे पळाली. आणि बाप काय विचारतो, म्हणून मी कान देऊन ऐकलं, तर तो काहीच विचारत नव्हता. शेंगा सोलत होता. तीच बोलत होती, अखंड. मला त्या शेंगांचासुद्धा राग आला.

त्या वर्षी होळी होऊन गेली होती. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली होती. एका मंगळवारी संध्याकाळी मी घरी आले, तर ओट्यावर एक स्टीलचा डबा. उघडून बघते तर काळ्या तिळाचे आणि गुळाचे लाडू, अजून जरा कोमट, तेल सुटलेले. खाली अंगणात आंटींचा खलबत्ता धुऊन पालथा घातलेला मी येतानाच बघितला होता. म्हणजे दुपारभर यांचा तीळ कुटायचा कार्यक्रम चालला होता तर! आंटी, बाप आणि लेक, तिघं मिळून. तिकडे मी दिवसभर राबून मोपेड हाकत घरी येते आहे आणि इकडे यांची संक्रांत चालली आहे.

"हे काय? संक्रांत होऊन दोन महिने झाले," मी म्हटलं. "एवढ्या उन्हाळ्यात तीळ कुणी खातं का? पुरळ उठेल अंगावर."

"आंटींनी दिलेत. हिच्यासाठी," तो म्हणाला. मग त्याने मुलीकडे बघितलं. "तू बैस की जरा. काय घाई करायलीस?"

'काय घाई करायलीस' हे तीन शब्द ऐकले की माझ्या डोक्यात सणक जायची. "मी बसले की जेवाल काय? तीळ?" असं म्हणून मी कुकर चढवला. मुलगी दारात उभी होती. "आई," ती म्हणाली. मी म्हटलं, "बोल पटकन." ती म्हणाली, "काही नाही," आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो डबा उचलला आणि पिशवीत टाकला. एकही लाडू मागे ठेवला नाही. मनाशी म्हटलं, उष्णता होते, पोरीचा घोळणा फुटेल. खरं कारण तेव्हाही मला माहीत होतं. ती तिघांची दुपार मला घरात नको होती.

अकराच्या चहाला मी डबा उघडला आणि सगळ्यांना वाटला. शिकवणारे तिघेचौघे तरुण, दारावरचा म्हातारा वॉचमन, कुणाला म्हणून सोडलं नाही. शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाची एक तेलुगू बाई होती. तिने लाडू हातात घेतला, वास घेतला आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"नुव्वुल उंडलु!" तिने माझा हात धरला. "अम्मायी पेद्दमनिषी अयिंदा?"

तेलुगू मला चांगलं येत होतं. तिळाचे लाडू बघून, मुलगी मोठी झाली का, असं ती विचारत होती. मोठी म्हणजे कशी, तेही मला कळलं.

"हमारे में येइच खिलाते ना मॅडम, तिल और गुड. ताकत आती बोलके," ती म्हणाली. मग लटक्या रागाने, "एकइच बेटी, और हमकू बुलाए भी नहीं?"

काय बोलणार होते मी? आपल्या पोरीची बातमी आपल्याला ऑफिसात, चहाच्या वेळी, लाडवाच्या चवीवरून कळते आहे, असं? मी हसले. "हौ, परसोंच," मी म्हणाले. "घरमेंच करे, छोटासा." समारंभ परवाच घरच्या घरी केला, असं मी ठोकून दिलं. तिने मला मिठी मारली. पलीकडे तो वॉचमन माझ्या मुलीच्या ताकदीचा लाडू बोळक्या तोंडात घोळवत बसला होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाची सुट्टी झाली तशी डोकं दुखतंय सांगून मी निघाले. काचीगुडा येईपर्यंत मला एकच प्रश्न खात होता, आणि तो काही पोरीच्या तब्येतीचा नव्हता. त्याला आधी कळलं? आंटींना आधी कळलं? मी कितवी? अशा वेळी मला हे सुचलं, याची मला आजही लाज वाटते. पण सुचलं हेच खरं.

दोन वाजले होते. तो स्वयंपाकघरात ताकाला फोडणी देत होता. मी दाराशीच सुरू केलं. "मला का नाही सांगितलंत?"

त्याने गॅस बंद केला. कळलं त्याला, काय ते.

"ती म्हणाली, आईला मीच सांगीन. म्हणून थांबलो मी."

"लाडू होऊनसुद्धा एक दिवस झाला!"

"हौ. तिला वाटेल तेव्हा सांगेल म्हणलं. तिच्या मागं कायकू लागायचं?" मग तो खाली बघून म्हणाला, "चुकलंच माझं. एवढं नव्हतं थांबायचं." त्याला असं पडलेलं मी फार वेळा बघितलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

मग त्याने सांगितलं. सोमवारी शाळेच्या वाटेवर पोर मध्येच थांबली. बाबा, परत जाऊ या, म्हणाली. त्याने का म्हणून विचारलं नाही, वळला. काय झालं असावं ते त्याच्या वाटेतच ध्यानात आलं, पण यात पुढे काय करायचं ते त्याला काही ठाऊक नव्हतं. घर आलं, तर आंटी अंगणात रांगोळी काढत होत्या. त्यांनी एकदा पोरीकडे बघितलं आणि तिला आत घेतलं.

"सोमवारी सकाळी?" मी म्हटलं. "म्हणजे किती वाजता?"

"पावणेआठ झाले असतील."

"मी घरात होते की हो! वर होते मी!"

उत्तर आतल्या खोलीच्या दारातून आलं. मुलगी तिथे उभी होती, किती वेळ कोण जाणे.

"बाबा तुला हाक मारणार होते," ती म्हणाली. "मीच नको म्हटलं. तुला उशीर झाला असता. आंटींच्या खिडकीतून मला तुझे पाय दिसले जिन्यावर. मग तुझी गाडी सुरू झाली."

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडले असते. भांडायला मला येतं.

आम्ही दोघी आतल्या खोलीत गेलो. ती पलंगावर बसली, मी तिच्या शेजारी. माझी पर्स अजून खांद्यालाच होती. "सांग मला," मी म्हटलं. "सगळं सांग. मला तुझ्याकडून ऐकायचंय."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. माझ्याशी बोलताना ती नेहमी तिकडे बघायची, हे मला त्या दिवशी दिसलं. मग सरळ बसली आणि सांगायला लागली. पोटात दुखत होतं, मग कळलं, मग परत आलो, आंटींनी सगळं समजावलं, गरम पाणी दिलं, भीती वाटली थोडी पण आता नाही वाटत, काल लाडू केले, शाळेत कुणाला सांगितलं नाही. दोन मिनिटं लागली असतील. मध्ये कुठे थांबली नाही, काही सोडलं नाही. माझ्या टेबलाशी येणाऱ्या मुलांनी असं सांगितलं असतं तर मी खूश झाले असते.

"झालं," ती म्हणाली. "एवढंच. तू जा आता, तुझं काम राहिलं असेल."

मी गेले नाही. पर्स खांद्यावरून काढून पलंगावर ठेवली. थोडा वेळ तिने वाट बघितली, मग उशीखालचं पुस्तक काढलं आणि आडवी होऊन वाचायला लागली. बाहेर भांड्यांचा आवाज झाला, थांबला. तिने एक पान उलटलं, आणखी एक उलटलं. बरंच वाचून झाल्यावर तिने पुस्तक बाजूला केलं आणि माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नवलाने.

"आई," ती म्हणाली, "तू अजून इथेच आहेस?"